कुलपं शिकायची यादी

१. व्हिडिओ. पाचपैकी तीन तारे.
परदेशातल्या बऱ्याच जणांनी केलेले आहेत. कॅमेऱ्यात फक्त हात आणि कुलूप, चेहरा नाही. दोन मिनिटांत कुलूप उघडून मोकळे होतात. आपण बघत बसतो आणि शिकत काहीच नाही. जो चुकतो आणि चुकलेलं कापून टाकत नाही, अशाचेच व्हिडिओ बघावेत. तसे फार थोडे आहेत.

२. छंदवाल्यांची चर्चेची पानं. चार तारे.
नवशिक्यांसाठीचं पान आधी वाचा. तिथे अगदी वर ठळक अक्षरांत दोन नियम आहेत. जे कुलूप आपलं नाही, त्याला हात लावायचा नाही. आणि जे कुलूप वापरात आहे, त्यालाही हात लावायचा नाही, आपलं असलं तरी. बाकीचं सगळं त्याच्या खाली.

४. सरावाची कुलपं. साडेचार तारे.
पारदर्शक प्लॅस्टिकचं कुलूप मिळतं ते घेऊ नका. डोळ्यांना सवय लागते आणि बोटं आळशी होतात. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातलं स्वस्तातलं स्वस्त कुलूप घ्या. ते सैल असतं, आणि सैल कुलूप शिकवतं.

तीन कुठे गेला असं कुणी विचारलं असतं, तर सावनीने सांगितलं असतं की आकडे टाकताना चूक झाली. पण विचारणार कोण? यादी तिच्या फोनमध्ये होती. बिनकिल्लीची कुलपं उघडायच्या छंदावर मराठीत कुणी धड चार ओळी लिहिल्या नव्हत्या, म्हणून आठ महिन्यांपूर्वी तिने ती लिहायला घेतली होती. आता रविवारी भर दुपारी, जयपूरच्या मानसरोवर भागात, वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत बसून ती यादी पुरी करायला निघाली होती. कारण खाली तिचे घरमालक स्वतःच्या पेटीसमोर हात टेकून बसले होते, ते तिच्यामुळे, आणि हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

सावनी कराडची. जयपुरात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करायची. दुसऱ्यांनी शिवलेलं कुठे उसवतं ते दिवसभर शोधायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, असं ते काम. कुलपांचा नाद लागला तो तिथूनच म्हणायचा. संध्याकाळी एक बारीक आकडा आणि एक वाकडी पट्टी घेऊन बसली की दोन-दोन तास जेवणाची शुद्ध नसे. खालून काका ओरडायचे, "सावने, वर काय घुशी पाळल्यास का? खुटूखुटू खुटूखुटू!" ती म्हणायची, "ऑफिसचं काम आहे, काका." आणि काका म्हणायचे, "असलं कसलं ऑफिस गं, सुताराचं?"

काका म्हणजे देवराम जगदाळे, निवृत्त सुभेदार, तोफखाना. मूळचे कोरेगावकडचे. शेवटची बदली जयपूरला झाली आणि विजयमालाकाकूंना इथली कोरडी हवा मानवली, म्हणून इथेच घर बांधलं. काकू गेल्या त्याला दोन वर्षं झाली. मुलगी सोनल गुडगावला. घरात आता काका, तुळस आणि ती काळी पत्र्याची पेटी.

फौजी घरात असते तशीच पेटी. वर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि हुद्दा. प्रत्येक बढतीला जुना हुद्दा काळ्या रंगाने पुसून वर नवा लिहिलेला. त्यामुळे उजेड तिरपा पडला की सुभेदाराखाली हवालदार दिसायचा आणि हवालदाराखाली नाईक. कोयंड्याला मुठीएवढं पितळी कुलूप. मथुरेला असताना काका-काकू अलीगढला जाऊन घेऊन आले होते. किल्ली काकांच्या कमरेच्या करदोड्याला.

शनिवारी सकाळी काका माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेले. जाताना नेहमीसारखं वर सांगून गेले; घराची दुसरी किल्ली सावनीकडेच असायची. "सिलिंडरवाला येईल. आत ठेवून घे. आणि तुळशीला तांब्याभर पाणी."

सिलिंडर आला. तुळशीला पाणी घातलं. तेवढ्यावर वर यायला हवं होतं.

पण व्हिडिओंतली, पानांवरची, दुकानातली सगळी कुलपं एकाच जातीची, आतून खिट्ट्यांची. ती तिला आता पाठ झाली होती. आत खिट्ट्यांऐवजी पट्ट्या असलेल्या जुन्या पितळी कुलपाबद्दल कुठेच कुणी नीट शिकवत नव्हतं. आठ महिने ती असं एखादं चालू स्थितीतलं कुलूप शोधत होती. जुन्या बाजारात मिळाली ती गंजून मढं झालेली. आणि इथे, तिच्या जिन्याखाली, दर आठवड्याला तेलाचा थेंब खाऊन तयार असलेलं एक होतं.

हत्यारं खाली नव्हती. ती वर गेली. सतरा पायऱ्या. हत्यारं घेतली. सतरा पायऱ्या खाली. पुढे तिला हेच सगळ्यात जास्त बोचत राहिलं. हातून घडून गेलं, असं म्हणायला या चौतीस पायऱ्यांनी जागाच ठेवली नव्हती.

वीस मिनिटांत कुलूप उघडलं. तिने झाकण

(तीन नंबरखाली लिहिताना हे वाक्य तिने दोनदा खोडलं. पुढे येईल.)

मग कडी दाबून कुलूप परत लावलं. आणि मग, नुसतं नशिबाने उघडलं की खरंच जमलं हे बघायला, आणखी एकदा आकडा आत घातला. या वेळी हात जड पडला. आत बारीकसं टक वाजलं. त्यानंतर एकही पट्टी हलेना. फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला तशी ती हत्यारं ओढणीत गुंडाळून वर पळाली.

रविवारी काकूंचं श्राद्ध. सोनल आदल्या संध्याकाळीच आली होती. काकूंचा फोटो काका भिंतीवर लावत नसत. "रोज हार घातलेली कशाला बघू तिला?" फोटो पेटीत असायचा. वर्षातून एकदा बाहेर यायचा आणि दिवस कलला की परत आत. पाट मांडला, रांगोळी झाली, सावनी नैवेद्याचं ताट धरून उभी राहिली आणि काकांनी कुलपात किल्ली घातली.

फिरेना.

"हीच किल्ली का, बाबा?"

"हीच."

"मतलब, नक्की?"

"सोनल, तू दुपट्यात होतीस तेव्हापास्नं हीच."

त्यांनी किल्ली काढली, पुसली, परत घातली. मग धोतराला पुसून परत. मग उठून कपाटाची किल्ली आणली आणि तीही लावून बघितली. ती कपाटाची आहे, ती कधीच लागणार नाही हे खोलीतल्या तिघांनाही दिसत होतं. सोनलचा चेहरा उतरला तो त्या क्षणी.

"गेल्या महिन्यात गॅस चालू राहिला," ती हळूच म्हणाली. "मग बँकेचा पिन. बाबा, आता ही किल्ली."

"कुलूप अडकलंय. मान्साला काय झालं न्हाई."

"बुधवारी आपण निघतोय. मी नाही, आपण. इथे तुम्हाला एकटं ठेवून मला तिकडे झोप लागत नाही."

"मी काय सामान हाय व्हय, उचलून न्यायला?" काका कडाडले. मग हातातल्या किल्लीकडे बघत राहिले. आवाज खाली आला. "असंल. माझंच कायतरी चुकत असंल." आणि सावनीकडे वळून म्हणाले, "तू बघ गं एकदा. तुझी बोटं बारीक."

तिने ताट खाली ठेवलं. किल्ली घेतली. काकांच्या कमरेची ऊब अजून तिच्यात होती. आत कुठली पट्टी कुठे धरली गेलीय ते तिच्या बोटांना कळत होतं. ती म्हणाली, "नाही फिरत, काका."

हे एवढंच बोलली.

शेवटी सोनलने आपल्या मोबाइलमध्ये आईचा फोटो काढला आणि मोबाइल पाटावर उभा केला. दर अर्ध्या मिनिटाने पडदा काळा व्हायचा. सोनल वाकून बोट लावायची, की काकू परत यायच्या.

५. माणूस. पाच तारे. (हे सोमवारी लिहिलं.)
राजा पार्कच्या बाजारात किल्लीवाले हरबंसजी आहेत. मोठी पत्र्याची किल्ली टांगलेली छत्री, खाली ते. शिकवा म्हटलं तर चिडतात. चहा घेऊन शेजारी बसलं तर चालतं. कुणाचंही कुलूप उघडायला गेले तर आधी शेजाऱ्याला बोलावून उभं करतात, मग हत्यार काढतात. मालक स्वतः समोर असला तरीही.

सोमवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोन चहा घेऊन हरबंसजींच्या शेजारी जाऊन बसली. कुलूप कसं होतं ते सांगितलं. टक वाजलं तेही सांगितलं.

हरबंसजींनी कप खाली ठेवला. "लीवर वाला? पीतल का, पुराना?"

"हाँ."

"मुखबिर है उसमें."

मग त्यांनी तिच्या तळहातावर किल्लीच्या टोकाने रेघा ओढून समजावलं. असल्या काही कुलपांच्या पोटात एक जास्तीची पट्टी असते, खबऱ्यासारखी. उघडायला तिचा काही उपयोग नाही. चोराच्या हाताने दुसरी कुठलीही पट्टी हवी त्याहून वर उचलली गेली की ही तिला धरून ठेवते. मग खुद्द मालकाची किल्लीही चालत नाही. आणि मालक ओळखतो की कुणीतरी हात घातला होता.

"फिर खुलता कैसे है?"

"चाबी उल्टी घुमाओ, मुखबिर छोड़ देगा. फिर सीधी. बस." त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "किसका है?"

"मेरा ही."

"अच्छा. पड़ोसी कौन खड़ा था?"

तिने कप तोंडाला लावला.

"हम तो पड़ोसी के बिना हाथ नहीं लगाते, बेटा. अकेले में ये हाथ भी इधर-उधर की सोचने लगते हैं." त्यांनी आपले काळपट पंजे उलटेपालटे करून दाखवले, आणि तिने दिलेला चहा अर्धाच ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

परत येताना सगळं सोपं वाटायला लागलं होतं. खाली जायचं, 'मी परत बघते' म्हणायचं, किल्ली उलटी, मग सुलटी. कुलूप उघडेल. काका शाबासकी देतील. सोनलताई चहा देईल. कुणाला काही कळणार नाही.

स्कूटर फाटकाशी लावेपर्यंत त्यातली गोम तिच्या ध्यानात आली. कुलूप उघडलं असतं, पण ज्यांना आपलं कुलूप उघडता आलं नाही ते काका तसेच राहिले असते. भाडेकरू पोरीला जमलं, बाबांना नाही. गुडगावची बॅग भरलीच गेली असती. कुलूप दुरुस्त करून भागण्यासारखं नव्हतं.

सोमवार संध्याकाळ ती खाली गेलीच नाही. आपली पाच सरावाची कुलपं ओळीने मांडली आणि एकालाही हात लावला नाही. "घुशी मेल्या काय गं?" अशी खालून हाक येते का याची वाट बघितली. तीही आली नाही.

मंगळवारी सकाळी ती खाली गेली तेव्हा सोनल फोनवर होती. "हाँ भैया, कटर ले आना. छोटा-सा ताला है." हॉलमध्ये तीन खोकी भरलेली. काका पलंगावर बसून एका कागदावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहीत होते. शेजारी चिकटपट्टी. सावनीने वाचलं. गॅस बंद. मोटर बंद. पेटी, पितळी किल्ली.

तिने चिकटपट्टी उचलून घेतली.

"काका, तो कागद नका लावू. कुलूप तुम्ही विसरला नाहीत. मी बिघडवलं."

सोनलने फोन कानापासून दूर केला. "काय?"

"शनिवारी. काका दवाखान्यात होते तेव्हा. मला कुलपं उघडायचा नाद आहे. वरती खुटूखुटू चालतं ते तेच, ऑफिसचं काही नाही. हे कुलूप मी बिनकिल्लीचं उघडायला गेले आणि ते आतून अडकलं. रविवारी मला माहीत होतं. मी बोलले नाही."

फोनमधून भैया "मैडम? मैडम?" करत राहिला. सोनलने तो बंद केला.

"तुला घराची चावी दिलीय बाबांनी," ती म्हणाली. "भरोसा म्हणून दिलीय. आणि परवा ते तुझ्यासमोर कपाटाची चावी लावत होते, तू नैवेद्य धरून बघत होतीस. शरम नाही वाटली?"

"वाटली."

"मग?"

सावनी पेटीकडे वळली. "काका, किल्ली आधी उलटी फिरवा. डावीकडे. मग नेहमीसारखी."

काकांनी तिच्याकडे बघितलंच नाही. करदोडा सोडला, पेटीपुढे एक गुडघा टेकला, किल्ली घातली, डावीकडे फिरवली. तेच बारीक टक. मग उजवीकडे. कडी सुटून त्यांच्या हातात आली.

सोनल मटकन खोक्यावर बसली. "हेअरपिन," ती म्हणाली.

"काय?"

"मी सात वर्षांची होते, बाबा. तुम्ही फील्डवर होतात. मी आईची पिन घालून हेच कुलूप उघडायला गेले होते. असंच अडकलं. आईने मला कान धरून उभं केलं आणि चावी उलटी फिरवली. मतलब, मी बघितलंय हे. माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि परवा मला आठवलं नाही."

"मला कधी बोलली न्हाई ती."

"मीच रडले होते, बाबांना सांगू नको म्हणून."

काकांनी कुलूप तळहातावर घेतलं. "म्हंजे माझं विसरलं न्हाई," ते म्हणाले. "मला ठाऊकच नव्हतं. तिला ठाऊक होतं." मग त्यांनी तो चिकटवायचा कागद उचलला, 'पेटी' या ओळीवर एक सरळ काट मारली, आणि गॅस अन् मोटर तशीच ठेवून कागद सोनलकडे दिला. "हा लाव सैपाकघरात. गॅसचं खरंय."

सोनल हसली की रडली ते नीट कळलं नाही.

"बुधवारचं काय?" तिने विचारलं.

"बुधवारी तू जा. मी दिवाळीला येतो. आठ दिवस. पेटी इथंच ऱ्हाईल." एवढं ठरवून झाल्यावर ते सावनीकडे वळले. "पेटी उघडलीस?"

"नाही," सावनी म्हणाली. "फक्त कुलूप."

काकांनी मान हलवली. कुणी हात लावला की कुलूप ते सांगतं, झाकणाचं काही सांगत नाही. त्यांना तिच्या शब्दावरच विसंबावं लागणार होतं आणि ते विसंबले. कोयंडा बाजूला केला, झाकणाला हात घातला.

"उघडली," सावनी म्हणाली. "चार बोटं. निळं काहीतरी दिसलं आणि डांबरगोळ्यांचा वास आला. मग मिटली. एवढंच, पण उघडली."

काकांचा हात झाकणावरच थांबला.

"स्वेटर हाय तो," ते म्हणाले. "निम्माच विणलेला. सुया अजून त्यातच हायत. ती गेल्यापास्नं दुसऱ्या कुनाची नजर न्हवती पडली त्याच्यावर." त्यांनी झाकण उघडलं नाही. "घराची किल्ली दे."

तिने आपल्या जुडग्यातून त्यांची किल्ली काढली. नख मोडलं. काकांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि बटण लावलं.

"खोली सोडायची का ऱ्हायचं ते दोन दिवसांनी सांगीन. आत्ता मला राग आलाय. रागात हुकूम द्यायचा नसतो. वर जा."

सतरा पायऱ्या.

३. जुनी पितळी, पट्ट्यांची कुलपं.
यांच्यावर शिकण्यासारखं कुठेच काही मिळालं नाही. व्हिडिओ नाहीत, पानं नाहीत. मी एक उघडलं. ते माझं नव्हतं आणि ते वापरात होतं. दोन्ही नियम मी वाचलेले होते, वर लिहिलेही आहेत. आत एक निम्मा स्वेटर होता. तारे देत नाही.

एवढं लिहून तिने यादी इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकली. आकड्यांचा क्रम लावला नाही. तीन शेवटीच राहू दिला.

मग ती खिडकीशी बसून राहिली. खालून आवाज येत होते. आधी तिला वाटलं, खोकी उलगडतायत. मग ओळखू आलं. पिनेने कुलूप अडकलं की वाजतं ते बारीकसं टक. थोडा वेळ काही नाही. मग कुलपाची कडी सुटल्याचा घसघशीत आवाज.

"जमलं, बाबा."

"परत घाल पिन," काका म्हणाले. "आन् ह्या खेपेला बघू नको माझ्याकडं. तोंड तिकडं कर."

टक.

सावनीने मोजायला सुरुवात केली. सहाव्या वेळेला किल्ली आधी चुकीच्या बाजूला गेली असावी, कारण बराच वेळ काहीच वाजलं नाही. ती उठून दारापर्यंत आली. खाली उतरायची तिला आता मुभा नव्हती.

मग कडी सुटली.

"परत," काका म्हणाले.